ह्यांची वॅगनआर आश्रमाला द्यायची आहे, पण कोऱ्या फॉर्मवर सही मागताहेत

विमल_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. इथं वाचायला रोज येते, लिहायला मात्र पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमची २०११ सालची वॅगनआर आहे. चंदेरी, एमएच १३ पासिंग. हे जाऊन अकरा महिने झाले आणि गाडी अजून ह्यांच्याच नावावर आहे. मला चालवता येत नाही. मुलगा पुण्यात, त्याची स्वतःची गाडी आहे. मुलगी अमेरिकेत. तेव्हापासून गाडी खाली पार्किंगात चादरीखाली उभी आहे. (हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात सुपरवायझर होते, त्यामुळे घरात चादरींना तोटा नाही. गाडीला कव्हर म्हणून आम्ही कधी विकत घेतलंच नाही.) दिवाळीत उंदरानं कुठलीशी वायर कुरतडली. मागचं डावं दार आतून उघडत नाही, ते आधीपासूनच तसं आहे. नातवाला त्या बाजूला बसवायचं म्हणजे ‘कुलूपबंद सीट’ म्हणायचे हे.

डॅशबोर्डाच्या खणात ह्यांची वही आहे. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर आणि एखादा शब्द. ‘अक्कलकोट, १२ लि., ५८१४०, हवा मारली.’ ‘तुळजापूर, १० लि., वाटेत पाऊस.’ तेरा वर्षं असं लिहिलंय. एका गॅरेजवाल्यानं ९० हजार सांगितले. पण ही गाडी विकून त्याचं काय करू, त्यापेक्षा चांगल्या कामाला लागावी असं मनात आलं, आणि ते मी भजनी मंडळात बोलून गेले.

झालं. चौथ्या दिवशी एका संस्थेची दोन माणसं घरी. लेटरपॅड, शिक्का, बोलणं अगदी गोड. निराधार म्हाताऱ्यांना सिव्हिलला न्यायला-आणायला गाडी हवी म्हणाले. मला भरून आलं, मी चहा टाकला. चहा होईपर्यंत त्यांनी टीपॉयवर कागद मांडले होते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोन्ही कोरे. म्हणाले, "मॅडम, खाली सही करा, बाकी आम्ही भरतो." मी म्हटलं, अहो गाडी ह्यांच्या नावावर आहे. तर त्यातला मोठा म्हणतो, "साहेबांची जुनी सही बघून तुम्हीच करा, आरटीओत कोण बघतंय." वर मूळ आरसी आणि माझ्या आधारची झेरॉक्स मागितली. आणि ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवायची, पावती दीड लाखाची करून देतो म्हणाले.

दीड लाख ऐकल्यावर माझा हात थांबला. गॅरेजवाला ९० म्हणतो आणि हे दीड लाख कुठून आणले? मी आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत गणित शिकवलं आहे. बेरीज चुकली की मला खटकतं.

‘मुलाला विचारते’ म्हणून त्यांना वाटेला लावलं. मुलगा म्हणतो, आई देऊन टाक, पार्किंग मोकळं होईल. मुलगी म्हणते, इकडे तर नुसता फोन केला की येऊन घेऊन जातात, तू उगाच संशय घेतेस. रविवारी ते परत येणार आहेत. सही करू का?

कडक_भाकरी

करू नका. दुकानात गिऱ्हाईक आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर आरसी कपाटात ठेवून किल्ली लावा.

हद्दवाढ_६३

विमलताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझी ओम्नी डोळ्यासमोर आली. मी एसटीत डेपोला लिपिक होतो, म्हणजे उभा जन्म कागदात गेला. तरी फसलो. म्हणून जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

२०१७ साली मी माझी ओम्नी एका संस्थेला दिली. संस्थेचं नाव लिहीत नाही, आता तिथं माणसंही बदलली आहेत. मुलं शाळेत न्यायला गाडी हवी म्हणाले. नारळ फोडला, हार घातला, फोटो काढला. बायकोनं पोरांना लाडू दिले. मी २९ आणि ३० वर सह्या ठोकल्या आणि किल्ली दिली. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती, हे मला तेव्हा दिसलं होतं बरं का. पण हार गळ्यात असताना "अहो, इथं नाव लिहा की" म्हणायचा संकोच वाटला. सगळा घोळ त्या संकोचाचा.

सहा महिन्यांनी मोबाइलवर ई-चलन. पुण्यात, स्वारगेटला, नो पार्किंग. म्हटलं असेल, पोरांना सहलीला नेलं असेल. मग हडपसर, मग परत हडपसर. संस्थेत गेलो तर म्हणाले, गाडीला खर्च फार येत होता, एका एजंटला देऊन टाकली. एजंटनं कुणाला दिली? त्याचा पत्ता कुणाकडे नाही. माझे कोरे फॉर्म मात्र गाडीबरोबर फिरत होते, आणि प्रत्येकजण आपलं नाव न घालता पुढच्याला देत होता. नावावर करायचा खर्च कोण करतो?

२०१९ मध्ये कोर्टाचं समन्स आलं. टेंभुर्णीजवळ माझ्या (हो, माझ्याच!) ओम्नीनं एका दुचाकीवाल्याला उडवलं होतं, मांडीचं हाड मोडलं होतं त्याचं. विमा संपलेला, कारण मी दिल्यावर कुणी भरलाच नव्हता. मोटार अपघात न्यायाधिकरणात मी प्रतिवादी क्रमांक दोन. वकिलाला म्हटलं, अहो गाडी मी दान केली, हा बघा हार घातलेला फोटो. वकील हसला नाही, एवढंच त्याचं चांगलं. त्यानं मला सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार, ६ फेब्रुवारी २०१८ चा. त्यातही गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे फिरली होती. कोर्टानं सांगितलं की आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्तानं कुणाकुणाच्या मागं फिरायचं? वाचल्यावर मला राग आला, पण खरं सांगतो, त्या दुचाकीवाल्याच्या जागी मी असतो तर मलाही हाच निकाल हवा असता.

चार वर्षं तारखा. शेवटी तडजोडीत माझ्या खिशातून १ लाख ४० हजार गेले. ज्या ओम्नीला ४५ हजारसुद्धा कुणी दिले नसते, तिच्यापायी.

कायदा तसा सोपा आहे ताई. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. देणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. विकली काय, दान दिली काय, कलमाला फरक पडत नाही. तुम्ही फॉर्म देता म्हणजे कळवणं झालं असं आपण धरून चालतो, तिथंच फसतो. फॉर्म संस्थेच्या कपाटात राहिला तर आरटीओला कसं कळणार?

आणि ताबापावती! मी किल्ली दिली तेव्हा ताबापावती घेतली नाही. अमुक तारखेला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी, मीटरवर इतके किलोमीटर असताना गाडी ताब्यात घेतली, यापुढचं चलन, अपघात, गुन्हा आमच्याकडे. खाली विश्वस्ताची सही, शिक्का, दोन साक्षीदार. चलनासाठी नि पोलिसांसाठी हा कागद उपयोगी पडतो. अपघाताच्या दाव्यात एकटा तो पुरत नाही, तिथं नावच बदललेलं लागतं.

खतावणी

मी सीए नाही, सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब लिहितोय. फक्त दीड लाखाच्या पावतीबद्दल बोलतो.

काकू, तुमचं गणित बरोबर आहे आणि त्यांचं मुळातच चूक. ८०जी ची सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. गाडी, धान्य, कपडे, संगणक, काहीही वस्तुरूपात दिलं की सवलत शून्य. गाडीची किंमत ९० हजार लावा नाहीतर दीड लाख, शून्यच. पैसे दिले तरी रोखीनं २ हजारांच्या वर चालत नाही, चेक किंवा ऑनलाइन पाहिजे. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत विवरण भरत असाल तर ८०जी चा विषयच मिटला, तिथं ती वजावट नाहीच.

मग ते दीड लाखाची पावती कशी देणार? कागदावर दाखवणार की तुम्ही दीड लाख पैसे दिले. हे खोटं आहे, आणि आता लगेच पकडलं जातं. संस्थेला वर्षाची देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडी मध्ये खात्याकडे भरावी लागते, त्यावरून तुम्हाला १०बीई प्रमाणपत्र निघतं. तुमच्या पॅनवर दीड लाखाची देणगी आणि बँकेत एक रुपया गेल्याची नोंद नाही. नोटीस कुणाला येणार, सांगा. त्या गोड बोलणाऱ्याला नाही.

दुसरी बाजूही ऐका. तुम्ही गाडी विकलीत, तर स्वतःच्या वापरातली गाडी ही वैयक्तिक वस्तू धरतात, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ९० हजार आले, त्यातले हवे तेवढे चेकनं संस्थेला दिले, तर पावती खरी, रक्कम खरी, आणि जुन्या प्रणालीत असाल तर बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सवलत. भावनेला हे कोरडं वाटेल, पण हिशेब असा आहे.

कडक_भाकरी

हां, आता बसलो निवांत. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आरटीओत आठवड्याला दोन चकरा असतातच.

पहिली गोष्ट. काकू, तो "जुनी सही बघून तुम्हीच करा" म्हणणारा माणूस दारात उभा करू नका. मेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे सरळ बनावट दस्तऐवज, आणि करणारे हात तुमचे. मृत्यूची तारीख दाखल्यावर, सहीची तारीख फॉर्मवर. पोरगंसुद्धा पकडेल.

मालक वारला की २९-३० नव्हे, फॉर्म ३१ लागतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, बाकी वारसांची ‘हरकत नाही’ अशी प्रतिज्ञापत्रं. म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघांची, मुलीची अमेरिकेतून. नियमाप्रमाणं वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करायची. तुम्हाला अकरा झालेत, उशिराचं जे काय असेल ते भरायचं, घाबरायचं नाही. पण आधी गाडी तुमच्या नावावर आली पाहिजे, मगच तुम्ही ती कुणाला देऊ शकता. आज ती गाडी तुमची नाही ओ. पार्किंगात आहे एवढंच.

विमा बघा. मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत, जे आधी संपेल तेवढीच चालते. म्हणजे तुमचा विमा आत्ता नाही असं धरा, भले कागदावर तारीख पुढची असू दे. गाडी गॅरेजपर्यंत न्यायची तरी आधी विमा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) साचला असेल तर वारसाला मिळतो, कंपनीत विचारा. गाडीबरोबर तो जात नाही, तो माणसाचा असतो.

मग नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर आरटीओ नावावर करायचं काम अडवतो. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ऑनलाइन तारीख घ्यायची. गाडी तिथं चालत गेली पाहिजे, हे लक्षात ठेवा, तुमच्या उंदरानं काय कुरतडलंय ते आधी बघावं लागेल.

आणि सगळ्यात मोठं, जे दान घेणारे सांगत नाहीत. गाडी २०११ ची. १५ वर्षं भरली की रिपासिंग. मोटारीला नुसती फी ५ हजार, वर पर्यावरण कर, आणि पास होण्याइतकं काम करून घ्यायचं ते वेगळं. टायर, ब्रेक, सायलेन्सर, पत्रा सडला असेल तर वेल्डिंग. तुम्ही दान दिलंत आणि वर्षभरात त्या आश्रमाच्या गळ्यात २५-३० हजारांचा खर्च पडला, तर ते काय करतील? एजंट शोधतील. हद्दवाढ काकांची ओम्नी अशीच गेली असणार.

भंगारात घालायची वेळ आली तरी तोच नियम. भंगारवाल्याला देऊन मोकळं व्हायचं नाही, सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यायचं आणि आरसी रद्द करून घ्यायची. नाहीतर गाडी कापली जाते आणि नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरतो.

फास्टॅगचं विसरलोच. साहेबांच्या बँक खात्याला जोडलेला असेल तर बंद करा. माझ्या एका गिऱ्हाइकानं गाडी विकली, टॅग काचेवर तसाच. तीन महिने सावळेश्वर नाक्यावर ह्याच्या खात्यातून टोल कापला जात होता आणि हा बँकेशी भांडत होता.

आश्रमातला_एक

मी संस्थेत काम करतो. कुठली ते नको, पण काकूंच्या दारात आली ती नव्हे, हे शपथेवर सांगतो.

वर सगळे देणाऱ्याच्या बाजूनं बोलले. घेणाऱ्याचं पण ऐका. आम्हाला एका सज्जन गृहस्थांनी सुमो दिली होती. रीतसर, नावावर करून. आम्ही फुगे लावले. सात महिन्यांत क्लच प्लेट गेली, त्याच्या आधी रेडिएटर. ड्रायव्हरला महिना १२ हजार, डिझेल वेगळं, विमा वेगळा. आमच्याकडे २८ आजी-आजोबा. त्यातल्या दोघा-तिघांना आठवड्यातून एकदा सिव्हिलला न्यायचं असतं. तेवढ्यासाठी दारात हत्ती बांधला होता आम्ही. शेवटी विकायला काढली, तर देणाऱ्या गृहस्थांना कुणीतरी सांगितलं आणि ते रागावून आले. "मी दिलेली गाडी विकता?" त्यांचाही जीव त्यात होता, काय बोलणार.

दान आलेली गाडी म्हणजे आमच्या हिशेबनीस बाईंचं वेगळंच. विश्वस्तांचा ठराव हवा, डेड स्टॉक रजिस्टरला नोंद हवी, वर्षाच्या लेखापरीक्षणात दिसायला हवी, धर्मादाय कार्यालयात हिशेब जातो त्यात यायला हवी. आरटीओही ठराव नि नोंदणी प्रमाणपत्र मागतो. जी संस्था म्हणते "काही लागत नाही, सही द्या", तिला गाडी आपल्या नावावर करायचीच नाहीये, असं सरळ समजा.

अजून एक. खासगी पासिंगची गाडी, पांढरी पाटी. त्यातून आपल्याच लोकांना फुकट नेलं तर ठीक. ‘डिझेलपुरते’ म्हणून पेशंटकडून पैसे घेतले की तो भाड्याचा वापर झाला, मग परवाना नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. रुग्णवाहिका करायची तर तिची नोंदणी वेगळी आणि बांधणीचे नियमही वेगळे. स्ट्रेचर ठेवलं आणि लाल अक्षरात लिहिलं की रुग्णवाहिका होत नाही.

ती माणसं खरी का खोटी हे बघायचं असेल तर त्यांच्याकडून धर्मादाय नोंदणी क्रमांक आणि परिशिष्ट १ चा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावं असतात. लेटरपॅडवर सही करणारा त्या यादीत आहे का, ताडून पाहा. सोलापुरातच धर्मादाय कार्यालय आहे, जाऊन विचारता येतं. खरी संस्था उतारा मागितल्यावर रागावत नाही. आम्हाला तर कुणी मागितला की बरं वाटतं, माणूस मनापासून देतोय म्हणून.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली देणगी सांगू? एका किराणा दुकानदारानं एका रिक्षावाल्याला महिना ३ हजार बांधून दिले. दर मंगळवारी तो येतो, आजोबांना नेतो, आणतो. क्लच प्लेट त्याची, डोकेदुखी त्याची.

एडिसनचा_सोलापूरकर

काकू, तुमच्या मुलीनं सांगितलं ते खोटं नाही, अर्धंच आहे. मी न्यू जर्सीत सतरा वर्षं आहे, आधी अशोक चौकात होतो.

इकडे रेडिओवर जाहिराती असतात, जुनी गाडी द्या, ओढून फुकट नेऊ, करात सवलत घ्या. मीही माझी जुनी कोरोला दिली. नंतर कळलं की संस्थेच्या वतीनं मधली एक कंपनीच गाडी उचलते, लिलावात विकते, आपला वाटा कापते आणि उरलेलं संस्थेला देते. मला वाटलं होतं एखाद्या गरजू बाईला गाडी मिळेल. ती गेली लिलावात.

कराचंही पूर्वीसारखं नाही. आधी लोक पुस्तकी किंमत लावून मोठी वजावट घ्यायचे. २००५ पासून नियम बदलला. गाडीची वजावट ५०० डॉलरच्या वर दाखवायची असेल तर साधारणपणे संस्थेनं ती प्रत्यक्ष जेवढ्याला विकली तेवढीच मिळते, संस्थेनं स्वतः नीट वापरली तर गोष्ट वेगळी. त्यासाठी १०९८-सी नावाचा कागद घ्यावा लागतो. आणि ज्यांनी वजावटी एकेक मोजून विवरण भरलंय त्यांनाच. मी ठोक वजावट घेतो, म्हणजे मला काहीच नाही. माझी कोरोला ६०० डॉलरला गेली असं पत्र आलं.

एक फरक गमतीचा. इथं न्यू जर्सीत गाडी देताना नंबरप्लेट आपण काढून परत जमा करायची. सोलापुरात पाटी गाडीबरोबर जाते, आणि पाटीबरोबर तुमचं नाव. म्हणून इथल्यासारखं ‘फोन केला, नेली’ तिकडे करू नका. तसं इथंही टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, घेणाऱ्याची जागा कोरी ठेवून देणारे पस्तावतात, म्हणजे तो रोग जागतिक आहे.

मुलीचं प्रतिज्ञापत्र लागेल तेव्हा सांगा. भारतीय वकिलातीतून साक्षांकन कसं करायचं ते मी तिला समजावतो, मी आईच्या घरासाठी केलंय.

विमल_जुळेसोलापूर

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितेय. मध्ये बरंच झालं.

त्या रविवारी ते दोघे आले. मी चहा टाकला नाही. परिशिष्ट १ चा उतारा मागितला. धाकटा मोठ्याकडे बघायला लागला. मोठा म्हणाला, "मॅडम, एवढा अविश्वास?" मी म्हटलं, तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात, अविश्वास नाही, सवय आहे. उतारा आणतो म्हणून गेले ते अजून आणताहेत.

मग मी आमच्या घरापासून दोन स्टॉपवर एक वृद्धाश्रम आहे, तिथं स्वतः गेले. ह्यांच्या श्राद्धाला आम्ही तिथं जेवण दिलं होतं, एवढीच ओळख. तिथल्या बाईंना म्हटलं, गाडी देऊ का? त्या इतक्या अवघडल्या की मलाच कसंतरी झालं. नको म्हणवेना, हो म्हणवेना. मग मीच विचारलं, तुम्हाला खरं काय हवंय? तेव्हा त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. बोअरची मोटर जळून महिना झालेला. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, आपल्याला माहीतच आहे. तीन निळे पिंप, एक गळकं, आणि एक आजी मगानं एका पिंपातून दुसऱ्यात पाणी काढत होत्या, एक थेंब न सांडता. मोटर, पाइप नि बसवणी मिळून ३२ हजार, त्यांनी कोटेशनच दाखवलं. कागदाला घडी पडून पडून मधोमध चीर गेली होती.

खतावणी, तुमचं ऐकलं. गाडी विकायची ठरली, मोटरचा चेक मात्र मी थांबले नाही, पेन्शनमधून आधीच दिला. पावती ३२ हजारांचीच आहे. मी नव्या प्रणालीत आहे, त्यामुळे सवलत नाही. असू दे. गेल्या मंगळवारी मोटर बसली.

फॉर्म ३१ चं चालू आहे. मुलाचं प्रतिज्ञापत्र झालं. मुलीचं वकिलातीत आहे, एडिसनच्या भावांनी तिला सगळं समजावलं, तिनंही आता "आई, तुझं बरोबर होतं" असं म्हटलंय, ते मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय. विम्याच्या ऑफिसात बोनस माझ्या नावावर घ्यायचा अर्ज दिला आहे. फास्टॅग बंद केला, त्यात ४१२ रुपये निघाले. हद्दवाढ भाऊ, ताबापावतीचा मसुदा तुमच्या सांगण्यावरून लिहून ठेवलाय, वेळेच्या रकान्यासकट. घेणारा मिळालाय, शेजारच्यांचा भाचा, बार्शीला शिक्षक आहे. त्याला मी आत्ताच सांगितलंय की मागचं डावं दार आतून उघडत नाही, आणि माझ्याबरोबर आरटीओत येऊन अर्ज भरल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. तो हो म्हणाला. वही मात्र मी खणातून काढून घेतली, ती गाडीबरोबर जाणार नाही.

अडलंय एका गोष्टीवर. नंबरप्लेट बसवायची तारीख मिळाली आहे येत्या शनिवारी सकाळी साडेदहाची. उंदराची वायर मेकॅनिकनं जोडली, थर्ड पार्टी विमा माझ्या नावानं होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढणार नव्हते, तो कालच झाला. पण आता बॅटरी पार बसली आहे. नवी घ्यायची तर घेणाऱ्यानं घ्यावी की मी? आणि शनिवारी केंद्रापर्यंत चालवत कोण नेणार? आसरा चौकाजवळ कुणी ओळखीचं आहे का?

कडक_भाकरी

बॅटरी घेऊ नका, घेणारा घेईल. जंपर केबल माझ्या दुकानात आहे. शनिवारी नऊला येतो काकू, गाडी मीच नेतो. विम्याचा कागद आणि पीयूसी पुढच्या सीटवर काढून ठेवा.

विमल_जुळेसोलापूर

पीयूसी संपलीय.

कडक_भाकरी

मग साडेआठला येतो. वाटेत काढून घेऊ.